वाचकांचे प्रश्न : जुन्या अँटिफनला लागून आर्वो पॅर्ट

प्रश्न : आमच्या गायनवृंदात २४ जण आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये वाद्यांशिवाय मैफल करायची आहे. ग्रेगोरियन गाणी (चर्चमधली जुनी, एकाच चालीची लॅटिन प्रार्थनागीतं) आणि आजचा एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्ट याच्या रचना निवडल्या आहेत. आधी सगळं जुनं आणि नंतर सगळं नवं, असा क्रम ठेवावा का? (वसई)

उत्तर : तसा ठेवू नका. वीस मिनिटं एकच चाल सगळ्यांनी मिळून गायलेली ऐकली की कान सुस्तावतात, आणि पॅर्ट सुरू होईपर्यंत त्याचं नातं कशाशी आहे तेच विसरायला होतं. त्यापेक्षा जोड्या लावा. सगळ्यात सोपी जोडी ‘दा पाचेम दोमिने’ची. नवव्या शतकातला शांतीसाठीचा अँटिफन, म्हणजे प्रार्थनाविधीतलं छोटं ग्रेगोरियन गाणं, आणि त्याच शब्दांवर पॅर्टनं २००४ मध्ये केलेली चार आवाजांची रचना. माद्रिदच्या रेल्वेस्फोटांनंतर दोनच दिवसांनी त्यानं ती लिहायला घेतली होती. आधी अँटिफन, मग मध्ये टाळ्या न घेता पॅर्ट. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कार्यक्रमपत्रिकेत छापा, म्हणजे प्रश्नच नाही.

खरी मेहनत सांध्यावर घ्या. ग्रेगोरियन नोटेशनमध्ये स्वरांची अंतरं असतात, पट्टी नसते. हा अँटिफन कागदावर रेवर संपतो म्हणून तो पांढरी दोनमध्येच गायला हवा असं नाही. पॅर्टच्या रचनेचा मूळ स्वर पाहा आणि अँटिफनचा शेवटचा स्वर तिथं आणून ठेवा. नाहीतर नवी पट्टी घ्यायला मध्येच पिचपाइप फुंकावा लागतो आणि जमलेली शांतता मोडते. अँटिफनला सहा ते आठ गळे पुरेत. चोवीस जण गायले की व्यंजनं पुढंमागं पडतात आणि चाल जड होते. बाकीच्यांनी मात्र आधीच आपापल्या जागी उभं राहावं, कारण पावलांचा आवाज चर्चमध्ये फार घुमतो. पंखे बंद करायला विसरू नका. पॅर्टच्या संगीतात विराम स्वरांइतकेच मोलाचे आहेत, आणि विरामात पंख्याची घरघर ऐकायला कोणी आलेलं नसतं. एकूण ६० मिनिटांत ४५ मिनिटं गाणं पुरे, मध्यंतर नको.

प्रश्न : पॅर्ट गाताना आमची पट्टी दर वेळी जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरते. तालीम हार्मोनियमवर करतो. चूक कुठे होते? (वसई)

उत्तर : थोडी हार्मोनियमची, थोडी गळ्यांची. १९७६ पासूनच्या या शैलीला पॅर्ट ‘टिंटिनाबुली’ म्हणतो, छोट्या घंटांच्या लॅटिन नावावरून. एक आवाज पायरी-पायरीनं चालतो, दुसरा फक्त मूळ त्रिस्वरातले तीन स्वर (षड्ज, गंधार, पंचम) घेतो. चालणारा आवाज खाली येताना प्रत्येक पायरी किंचित मोठी घेतो आणि पट्टी तिथून सुटते. तोच स्वर पुन्हा पुन्हा घेतानाही श्वास सैल पडतो. त्यात हार्मोनियमचा कोमल गंधार कानाला नेमका जुळणाऱ्या शुद्ध मेळातल्यापेक्षा सुमारे १६ सेंट खाली असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), म्हणजे त्रिस्वरच मुळात दबलेला बसतो.

हार्मोनियम बाजूला ठेवा आणि तंबोरा षड्ज-पंचमात लावा. पहिली दहा मिनिटं फक्त त्रिस्वराचे आवाज ‘नू’वर गाऊ द्या. ते स्थिर झाले की चालणारा आवाज जोडा, शब्द शेवटी. उतरत्या जागी ‘पायरी लहान’ असं पेन्सिलीनं लिहून ठेवा. हळू गाणं म्हणजे श्वास कमी लावणं नव्हे, हे दर तालमीला सांगावं लागतं. एवढं करूनही मैफलीत पट्टी उतरलीच, तर आहे त्या पट्टीत रचना पुरी करा. मध्येच सावरायला गेलात की श्रोत्यांना ते नक्की कळतं.

प्रश्न : अशा मैफलीत ‘ख्रिस्तपुराणा’तल्या ओव्या चार आवाजांत बसवून गायल्या तर? (पुणे)

उत्तर : ओव्या जरूर घ्या, चार आवाज नकोत. फादर स्टीफन्स यांचं हे पुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, म्हणजे ते सोळाव्या शतकातला इटालियन चर्चसंगीतकार पालेस्त्रिना याच्या पुढच्या पिढीतलं. ओवीत तीन चरणांचं यमक आणि चौथा आखूड चरण यांच्यामुळे श्वासाची जागा ठरते. खाली पाश्चात्त्य स्वरसंगती घातली की ती मात्रांच्या चौकटीत कोंबली जाते. ग्रेगोरियन गाण्यासारखंच इथंही शब्द चालीला ओढतात, म्हणून ओव्या त्याच गाण्याच्या शेजारी शोभतात. एक किंवा दोन गळे, मागे तंबोरा, ठेका नको, चार ते सहा ओव्या. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या सगळ्यांना पाठ असतात म्हणून त्याच निवडण्याचा मोह होतो. उपवासकाळात त्यांचं काय काम? ‘दुसरें पुराण’ उघडा आणि त्यातल्या ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या ओव्या घ्या.

प्रश्न : स्वरलिपीच्या झेरॉक्स चालतील का? (वसई)

उत्तर : पालेस्त्रिनाचं काही घेणार असाल, तर तो १५९४ मध्ये वारला, त्याच्या हक्कमुक्त आवृत्त्या खुशाल छापा. एखाद्या आधुनिक संपादकानं तयार केलेली प्रत असेल तर तिच्यावर हक्क असू शकतो, तेवढं पाहा. पॅर्टच्या प्रती मात्र विकतच घ्याव्या लागतील : २४ गायकांच्या आणि १ संचालकाची, एकूण २५. तिकीट लावणार असाल तर सादरीकरणाच्या परवानगीचंही आधी विचारून घ्या. प्रार्थनाविधीत गाणं आणि मैफलीत गाणं कायद्याच्या नजरेत सारखं नाही.