ओल्या केसांवर गरम मशीन नको : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लग्नसराई जवळ आली की पत्रांमध्ये आणि दवाखान्यातही एकच विषय सुरू होतो : केस खांद्यापर्यंत आहेत, घरच्या घरी सैल, मऊ वेव्ज करायच्या आहेत, पण केस खराब व्हायला नकोत. प्रश्न वेगवेगळ्या भाषेत येतात, गोंधळ मात्र तोच असतो. म्हणून त्वचा आणि केसांची डॉक्टर या नात्याने काही प्रश्न आज एकत्र घेते आहे.

कर्लर कोणत्या मापाचा घ्यावा? तापमान किती ठेवावं? (धरमपेठ)

३२ मिमीचा. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश सेल्सिअस, जाड निरोगी केसांना १८० पर्यंत. ज्या मशीनवर तापमान दिसत नाही ते नागपुरात बर्डीच्या बाजारात कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

माझ्या वेव्ज दोन तासांतच सुटतात. स्प्रे जास्त मारू का? (महाल)

स्प्रेने केस चिकट होतील, बाकी काही साधणार नाही. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकारात धरणारे नाजूक जोड, पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना किंवा थंड होताना, त्या वेळी जो आकार असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. तुम्ही बट गरम असतानाच कंगवा फिरवत असाल, तर आकार बसायच्या आधीच मोडतो. मशीनवरून काढलेली बट थंड होईपर्यंत तळहातावर धरा किंवा क्लिपने वर बांधा.

खांद्यापर्यंतच्या केसांत कानाच्या पातळीपासून सुरुवात करावी. शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर मोकळे सोडावे, नाहीतर टोकं आत वळून केस आणखी आखूड दिसतात. एक बट चेहऱ्यापासून बाहेर, पुढची आत, अशी दिशा बदलत राहिली की लाट सैल दिसते. एका बटेला आठ-दहा सेकंद पुरतात. सगळं थंड झाल्यावर फक्त बोटं फिरवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र हेच बंध हवेतल्या ओलाव्याने सुटतात, तेव्हा नागपुरात वेव्ज दिवसभर टिकतील अशी अपेक्षा धरू नका. मे महिन्यात टिकतात, पण तेव्हा केस आधीच कोरडे असतात, म्हणून तापमान एक पायरी कमी ठेवा.

सकाळी घाई असते. केस धुऊन ओलसर असतानाच मशीन फिरवलं तर चालेल का? खोक्यावर ‘ओल्या केसांसाठीही’ असं लिहिलं आहे. (प्रतापनगर)

नाही. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, माझं उत्तर नाही हेच आहे.

पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी आत धरतो. त्यावर तापलेली दांडी लावली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि तळताना पापडाला फोड येतात तसे केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. मशीन लावताना जो ‘चर्र’ आवाज येतो, तो ओलावा उकळल्याचा आवाज आहे. १२५ अंशांवर तापलेला कर्लर मिनिटभर धरला तरी असे बुडबुडे झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, आणि घरची मशीन तर सर्रास १८०–२०० वर चालतात. बुडबुडा झालेला केस तिथेच तुटतो. तो कुठल्याही सीरमने सांधला जात नाही, कारण टाळूबाहेरचा केस हा निर्जीव धागा आहे. कापून टाकणे आणि नवीन वाढू देणे हाच उपाय, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो.

यापुढचा गोंधळ मला जास्त छळतो. केस मधूनच तुटत असतात, घरच्यांना वाटतं ‘गळतात’. मग मैत्रीण सांगते म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात, सहा-सहा महिने चालतात, आणि त्यानंतर मुलगी दवाखान्यात येते. गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. एवढं उजेडात पाहिलं तरी निम्मी शंका फिटते. बायोटिनचे मोठे डोस थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकवू शकतात, हे ऐकीव सल्ला देणाऱ्याला माहीत नसतं. केस खरोखर मुळापासून गळत असतील तर लोह, थायरॉइड, दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेला ताप हे सगळं विचारावं लागतं. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, आणि गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी सांगा.

घाई असेल तर केस आदल्या संध्याकाळी धुवा. जुन्या सुती बनियनने दाबून टिपा, चोळू नका. ड्रायर कमी तापमानावर, वीतभर दूर, सतत हलवत ठेवा. पूर्ण कोरड्या केसांवर हीट प्रोटेक्टंट (केसांना उष्णतेपासून जपणारा लेप) लावून, तोही वाळू देऊन, मग मशीन.

ओढणीवर केस गुंडाळून रात्रभर ठेवले तर? (सक्करदरा)

चांगली पद्धत आहे, उष्णता लागतच नाही. फक्त केस जेमतेम ओलसर असावेत, गुंडाळी सैल असावी. रोज ओढून बांधल्याने कपाळाजवळचे केस विरळ होतात. टाळू दुखत असेल तर सोडा, आणि विरळपणा दिसू लागला असेल तर लगेच दाखवा.

आमच्या ले-आउटमध्ये बोअरचं पाणी आहे, केस राठ झालेत. तेल लावून मशीन फिरवू का? (बेसा)

तेल लावून मशीन अजिबात नको. खोबरेल धुण्याच्या आधी लावा, पंधरा दिवसांतून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा.

पार्लरमध्ये ‘फॉर्मलिन नसलेलं’ केराटिन करून घेतलं तर वेव्ज सोप्या होतील म्हणतात. (मनीषनगर)

पार्लरच्या ‘केराटिन’ ट्रीटमेंटने केस सरळ होतात, त्यात लाट टिकणं उलट अवघड होतं. फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड; पण ‘फॉर्मलिन नाही’ या शब्दांवर विसंबू नका : काही द्रव्यं तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडतात, आणि त्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हटलं आहे. त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायॉक्सिलिक आम्लानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय खुर्चीत बसू नका. गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर करूच नका. करून झालं असेल आणि उलट्या, कंबरदुखी सुरू झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि केसांना काय लावलं ते स्पष्ट सांगा.

कर्लरचा चटका मानेला बसला, आईने टूथपेस्ट लावली. बरोबर का? (महाल)

चूक. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ काही नको. नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. फोड आला, चटका डोळ्याजवळ बसला किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दाखवा.