पडलेला सँडर: दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : माझ्याकडे लाकूड घासून गुळगुळीत करायचा, ५ इंची गोल पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर आहे. ६ वर्षं वापरते आहे. गेल्या महिन्यात चालू असतानाच तो टेबलावरून फरशीवर पडला. अजून चालतो, पण आवाज घरघरता झालाय, हाताला थरथर जास्त लागते, मागच्या फटींतून ठिणग्या दिसतात आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक तडाही आहे. दुरुस्तीवाले म्हणाले, 'मोटर गेली, नवा घ्या.' मला तो टाकवत नाही, पण नुसत्या हट्टापायी खर्चही करायचा नाही. ठरवायचं कसं?

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर पहिला विचार त्या तड्याचा आला. ठिणग्या आणि वासाकडे येतोच, पण तडा कुठे आहे आणि किती खोल आहे, हे आधी कळायला हवं. दुरुस्तीवाल्यांनी सँडर उघडला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न उघडता दिलेला निकाल मी तरी मानत नाही.

तड्यावर एवढा जोर का, ते सांगतो. माझ्या एका सँडरचं खालचं बेअरिंग वाजायला लागलं म्हणून मी ते बदललं. तीन आठवड्यांत पुन्हा घरघर. बेअरिंगच खराब निघालं असेल असं समजून दुसरं घातलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा बेअरिंग ज्या खाचेत बसतं तिथे बोट फिरवून पाहिलं. प्लास्टिक काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. बेअरिंगची बाहेरची रिंग जागेवर घट्ट राहायला हवी, ती त्या खाचेतच फिरत होती आणि दर वेळी खाच आणखी सैल करत होती. नवं बेअरिंग तिथे टिकणार कसं? तो सँडर मी त्याच दिवशी सुट्या भागांच्या खोक्यात टाकला. तेव्हापासून कोणतंही मशीन उघडलं की आधी बेअरिंगची जागा बघतो, मग बेअरिंग.

आता तुमचा सँडर. प्लग काढा आणि तो दूर, डोळ्यांसमोर ठेवा. मगच हात लावा. मॉडेलच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन अशी खूण आहे का, ते पाहा. ती असेल तर या मशीनला अर्थिंगची वायर नसते. दुहेरी इन्सुलेशन हेच शॉकपासूनचं संरक्षण, आणि प्लास्टिकची बॉडी हा त्याचा भाग असतो. म्हणून ज्या तड्यातून आतलं दिसतं तो गोंदाने किंवा टेपने बुजवून सँडर वापरू नका. बॉडीचा तो भाग सुटा मिळत असेल तर बदला. मिळत नसेल, तर बाकी सगळं धडधाकट असलं तरी हा सँडर पुन्हा चालवू नका. यात मी तडजोड करणार नाही.

तडा वरवरचा निघाला, तर पुढे जा. पॅड काढा, शाफ्टचं (फिरत्या दांड्याचं) टोक चिमटीत धरून आडवं हलवून पाहा आणि हळूच फिरवा. आत वाळू असल्यासारखं करकरलं तर बेअरिंग गेलं. टोक आडवं खळखळत असेल तर बेअरिंग तरी झिजलंय नाहीतर त्याची खाच. पॅडचा मध्य मोटरच्या शाफ्टपासून जाणूनबुजून जरा बाजूला ठेवलेला असतो आणि तो मिनिटाला १०-१२ हजार फेरे मारतो. त्याला तोलायला समोरच्या बाजूला धातूचं वजन असतं. पडल्यामुळे ते वजन सैल झालं किंवा शाफ्ट किंचित वाकला, तर थरथर वाढणारच. सैल वजन घट्ट करता येतं. वाकलेला शाफ्ट मी सरळ करत बसत नाही.

बेअरिंग गेलं असेल तर घाबरू नका. त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो, ६०८ किंवा ६००१ यांसारखा. त्याच नंबरचं कोणत्याही कंपनीचं बेअरिंग चालतं. मात्र दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणातून लाकडाची बारीक भुकटी आत शिरते.

आता ठिणग्या. कार्बन ब्रशपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांपाशी) बारीक निळसर ठिणग्या नेहमीच असतात, त्यात काही बिघाड नाही. ब्रश बाहेर काढा. ५-६ मिमीपेक्षा कमी उरला असेल, कोपरा उडाला असेल किंवा होल्डरमध्ये भुकटी साचून अडकत असेल, तर ठिणग्यांचं कारण तिथेच सापडलं. ब्रश नेहमी जोडीने बदला आणि नवे घातल्यावर काही मिनिटं पॅड हवेत ठेवून चालवा, म्हणजे ते कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) नीट बसतात. पण ठिणग्यांचं कडंच कम्युटेटरभोवती गोल फिरताना दिसत असेल, तर दुखणं बहुधा आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाचं आहे. मल्टीमीटर असेल तर कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर रेझिस्टन्सचं रीडिंग घेत एक पूर्ण फेरी मारा. सगळे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखाद्या जोडीचा आकडा एकदम वेगळा आला, किंवा पट्टी आणि शाफ्ट यांच्यात विजेची जोड दाखवली, तर आर्मेचर गेलं.

वास मात्र नीट ओळखावा लागतो. साचलेली भुकटी तापली की करपलेल्या लाकडाचा वास येतो आणि सफाईनंतर तो जातो. वाइंडिंगच्या (मोटरमधल्या गुंडाळलेल्या तारांच्या) वार्निशचा वास उग्र असतो, घशात बसतो. तारांचा रंग पाहून खात्री करा : तांबूस असेल तर ठीक, काळपट पडून पापुद्रे सुटले असतील तर मोटर खरोखरच जळली.

हे सगळं बघून मी असं ठरवतो. ब्रश, बेअरिंग, स्विच, वायर, पॅड हे भाग झिजण्यासाठीच असतात. त्यांतले दोन-तीन एकदम गेले तरी सँडर दुरुस्त करा. ६ वर्षं हे काही त्याचं म्हातारपण नाही. फक्त बॉडी तुटली असेल तर बॉडी बदला. फक्त आर्मेचर गेलं असेल तर नव्या आर्मेचरची चौकशी करा, आणि त्याच्या खर्चासमोर नव्या सँडरची किंमत मांडा. निम्म्याच्या वर जात असेल तर मी नवा घेतो. बेअरिंगची खाच आणि आर्मेचर दोन्ही गेली असतील, तर तुमचे दुरुस्तीवाले बरोबर होते असं समजा. जुना फेकण्याआधी पॅड, स्विच, वायर आणि स्क्रू काढून ठेवा.

तपासून झाल्यावर काय निघालं, ते जरूर कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रश्न : माझ्या सँडरचा सँडपेपर काम करताना सारखा निसटून उडतो. मशीन बिघडलं का?

उत्तर : मशीन नाही, पॅड. पेपर धरून ठेवणारे प्लास्टिकचे बारीक हुक झिजले किंवा वितळलेत. आधी ते कडेचे जातात, कारण माणूस कोपऱ्यात घुसताना सँडर तिरका धरून दाबतो. दाबू नका, सँडरचं स्वतःचं वजन आणि वर टेकलेला हात, एवढं पुरतं. पॅड काढलाच आहे तर त्याच्या वरच्या अंगाला घासणारी रबरी रिंगही पाहा. ती कडक झाली असेल तर सँडर उचलल्यावर पॅड भरधाव सुटतो आणि परत टेकवताच लाकडावर गोल ओरखडे पाडतो. ती त्याच वेळी बदलून टाका. नवा पॅड घेताना त्याच्या आणि पेपरच्या भोकांची रचना जुळवून घ्या. ८ भोकांच्या पॅडला ५ भोकांचा पेपर लावला तर धूळ ओढली जात नाही, ती पेपरखालीच राहते, पेपर तापतो आणि नव्या पॅडचे हुकही वितळतात.