साधकांचे प्रश्न : डुलकी, जलनेती आणि बधिर पाय

प्रश्न : ध्यानाला बसलं की दहा मिनिटांत डुलकी येते. म्हणून जेवण निम्म्यावर आणलं, तर डोकं दुखू लागलं. किती खावं? सगळ्या मार्गांचं यावर एकमत आहे का?

उत्तर : आधी वेळ बघा, माप नंतर. भरपेट जेवणानंतर ३-४ तास, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. शिवाय रात्रीची झोप अपुरी असेल तर उपाशीपोटीही डुलकी येणारच. तिचं खापर जेवणावर फोडू नका. ‘हठयोगप्रदीपिका’ या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात मिताहार म्हणजे स्निग्ध, मधुर अन्न आणि पोटाचा चौथा हिस्सा रिकामा. ‘अजून चार घास सहज जातील’ असं वाटतं, तिथेच हात धुवायचा. पण एकदम निम्मं करू नका. आठवडाभर दोन घास कमी, मग आणखी दोन. पाणी आणि चहा-कॉफीही त्याच सपाट्यात तोडली असेल, तर डोकेदुखीचं कारण तेही असू शकतं.

एकमत नाही. जैन परंपरेत भुकेपेक्षा कमी खाणं (ऊनोदरी) आणि उपवास ही बाह्य तपं आहेत, कर्मनिर्जरेसाठी, म्हणजे साचलेली कर्मं झडावीत म्हणून, केलेली. बुद्धांनी मात्र उपासमार करून पाहिली आणि सोडून दिली. थेरवाद या बौद्ध पंथाचे भिक्षू मध्यान्हीनंतर जेवत नाहीत, एवढंच. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मार्ग कुठलाही असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको.

प्रश्न : जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) करताना नाक चुरचुरतं, नंतर कानांत दडे बसतात.

उत्तर : चुरचुरतं ते मिठाचं प्रमाण चुकल्यामुळे, कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण पाऊण चमचा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं कच्चं कधीही नाही. त्यातून क्वचित पण जीवघेणा संसर्ग होतो. पाणी वाहत असताना श्वास तोंडाने घ्या, गिळू नका, बोलू नका. कानाची तक्रार बहुधा शेवटच्या घाईतून येते. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाच्या नळीत चढतं. कमरेत वाका, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके उच्छ्वास सोडा. नाक पूर्ण चोंदलेलं किंवा कान दुखत असताना नेती टाळा.

प्रश्न : पाय बधिर होतात.

उत्तर : बैठकीखाली घडीचं कांबळं घ्या, गुडघे कमरेच्या खाली येतील इतकं उंच. मुंग्या आल्या की लगेच पाय सोडा. उठल्यावरही बधिरपणा टिकला तर ते आसन बंद करून खुर्चीवर बसा.