फुलबॅकने वर कधी जायचं?

प्रिय मित्रा,

फुटबॉलमध्ये उजवा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, म्हणून खेळताना वर, म्हणजे आक्रमणात पुढे, कधी जायचं, असं तू विचारलं आहेस. त्याआधी दरवेळी दुसरंच काही तपासायचं असतं: बॉल आत्ता इथे गमावला, तर मागे कोण आहे?

तू उजवीकडून वर गेलास की डाव्या फुलबॅकने आत सरकून सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या दोन बचावपटूंच्या, शेजारी यायचं. मागे तीन, त्यांच्यापुढे मधल्या फळीतले दोन मिडफिल्डर. हे पाच जण जागेवर नसतील तर थांब. दोन्ही फुलबॅक एकदम सुटले की समोरच्या संघाच्या एका लांब पासवर दोघा सेंटर-बॅकना ६८ मीटरची रुंदी राखावी लागते, आणि ती राखता येत नाही.

आता ओव्हरलॅप, म्हणजे तुझ्या पुढच्या विंगरला (कडेच्या आक्रमकाला) बाहेरून ओलांडून पुढे पळणं. विंगरने बॉल ताब्यात घेऊन बचावपटूकडे तोंड केलं की निघायचं. त्याआधी निघालास तर त्याची मान अजून खालीच असते. तू पुढे पोचून नुसता उभा राहतोस, बहुतेकदा ऑफसाइडमध्ये, म्हणजे बचावाच्या पलीकडे, जिथे पास घेता येत नाही. उशीर केलास तर तोवर त्याला दोघांनी घेरलेलं असतं. विंगर टचलाईनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटलेला असेल तर बाहेरून जाऊ नकोस, आतून पळ. निम्म्या धावांत बॉल मिळणारच नाही. तुझ्यामागे एक बचावपटू ओढला गेला, एवढ्यावरही धाव वसूल होते.

१९७० च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला ब्राझीलचा चौथा गोल पुन्हा पाहा. इटलीचा फाकेत्ती स्वतः नावाजलेला आक्रमक फुलबॅक. पण ब्राझीलचा विंगर जैरझिन्यो याच्या मागे तो आत ओढला गेला आणि ती बाजू ओस पडली. पेलेने बॉल उजवीकडे हलकेच सरकवला, आणि मागून उजवा फुलबॅक कार्लोस आल्बेर्तो भरधाव आला. तो आधीच तिथे जाऊन उभा असता तर ती जागा मोकळी राहिलीच नसती.

हल्ली कडेने पळणं पुरत नाही. २०१३-१४ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकमध्ये प्रशिक्षक ग्वार्दिओलाने लाम आणि अलाबा या फुलबॅकना आत, मिडफिल्डमध्ये आणलं. २०२३ च्या वसंतात लिव्हरपूलने उजवा फुलबॅक अलेक्झांडर-अर्नोल्डला तसंच वापरलं. दिसायला सोपं आहे, पण कडेला निदान एका बाजूने तरी टचलाईन तुला राखते. मध्ये प्रेस, म्हणजे बॉल हिसकावायला धावून येणारे, पाठीमागूनही येतो. बॉल येण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे बघ, अंग अर्धवट वळवून ठेव आणि पास येतो त्या बाजूपासून लांबच्या पायाने बॉल घे. आणि तू आत गेलास तर विंगरने बाहेरच राहायला हवं, नाहीतर दोघं एकाच पट्ट्यात अडकता. (हे सराव सामन्यातही कोणी पाळत नाही!)

गोलरेषेपर्यंत पोचलास तर उंच क्रॉसचा मोह टाळ. जमिनीलगत, मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास दे. बचावपटू स्वतःच्या गोलकडे धावत असतात, त्यांना थांबून वळावं लागतं. शिवाय बॉलच्या मागे असलेला खेळाडू ऑफसाइड होत नाही.

बॉल गमावलाच, तर टचलाईनने सरळ मागे पळू नकोस. तिरका, जवळच्या गोलखांबाच्या रोखाने ये. समोरच्या संघाच्या विंगरला बाहेरची वाट दे, आतली बंद कर.

पुढच्या सामन्याचं चित्रीकरण मिळालं तर बॉलकडे बघू नकोस. संघाने बॉल गमावला त्या प्रत्येक क्षणी चित्र थांबव, तू कुठे होतास ते कागदावर मांड आणि तो कागद मला पाठव.