फॅनचा फ्यूज सारखा उडतोय, मोठा टाकू का?

प्रश्न : माझी अकरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, रोज पुण्यात धायरीहून सिंहगड रोडने ऑफिसला जातो. महिन्यात रेडिएटर फॅनचा 30 अँपिअरचा फ्यूज तीनदा उडाला, दरवेळी ट्रॅफिकमध्ये, एसी चालू असताना, फॅन थोडा वेळ फिरल्यावर. हायवेला काही त्रास नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो 40चा टाकू, विषय संपेल. टाकू का?

उत्तर : नका टाकू, अजिबात नका! फ्यूज असतो वायर वाचवायला, 40चा टाकलात की फ्यूज शाबूत राहणार आणि तापणार ती वायर, बॉनेटखाली आग लागते ती अशीच.

हायवेला समोरच्या वाऱ्यावरच रेडिएटर थंड राहतो, फॅनचा कस लागतो तो ट्रॅफिकमध्ये. टाकल्याटाकल्या फ्यूज उडाला असता तर वायर शॉर्ट आहे का बघा म्हटलं असतं, पण तुमचा फिरून फिरून उडतोय म्हणजे माझा संशय मोटरवर. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) झिजतात, पावसाळ्यात चिखलपाणी आत जातं, मग मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते.

गाडी पूर्ण थंड झाली की बॅटरीची निगेटिव्ह काढा (इंजिन गरम असेल तर काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो, बोटं सांभाळा) आणि पातं हाताने फिरवून बघा. चुंबकामुळे बारीक टप्पे जाणवतात ते ठीक, पण खरखर आली, अडकलं किंवा पातं मागेपुढे डुगडुगलं तर मोटर गेली समजा. उडालेला फ्यूजही नीट बघा. आतली पट्टी मधोमध तुटलीय तर करंट जास्त, पण प्लास्टिक पायापाशी वितळलंय तर फ्यूजबॉक्सची पकड सैल झालीय, तिथे नवी मोटर टाकूनही उपयोग नाही. शंका राहिलीच तर फॅनचा कनेक्टर काढून नवीन 30चा टाका, निगेटिव्ह परत लावा, एसी चालू करा, तरी उडाला तर वायरिंगच शोधावं लागेल.

मोटर नाना पेठेत जुनी मिळेल, पण बसवण्याआधी दुकानातच बॅटरीवर फिरवून डीसी क्लँप मीटरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात तो) करंट बघून घ्या, लाजू नका. आणि तोवर टेंपरेचरचा काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना चुकूनही उघडू नका.