फी, ओटीपी आणि ‘भरलं’चा मेसेज : छोट्या व्यावसायिकांचे प्रश्न

हिशेबाचं काम कुणाकडे द्यावं, यावर येणाऱ्या पत्रांत नवं काही नसतं. फी, पासवर्ड आणि ‘साहेब फोन उचलत नाहीत’ हेच तीन विषय फिरून येतात. त्यांतली काही पत्रं आज घेतली आहेत. वेगळं म्हटलेलं नसेल तिथे उत्तर एकट्याच्या मालकीचा धंदा धरून दिलं आहे.

स्टेशनरीचं दुकान, सातारा : वर्षाची विक्री ३० लाखांच्या आसपास. बँकेतल्या ओळखीच्याने सांगितलं म्हणून जीएसटी नंबर काढला. आता रिटर्न भरायला सीएच लागतो का?

नाही. जीएसटी आणि आयकराची रिटर्न कर सल्लागार भरू शकतो, तुम्ही स्वतःही भरू शकता. सीए लागतो तो ऑडिटला आणि बहुतेक प्रमाणपत्रांना. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री असेल तर साधारणपणे ४० लाखांपर्यंत नंबराची सक्ती नाही. पण एकदा घेतला की महिनाभर एक वही विकली नाही तरी शून्याचं रिटर्न जायलाच हवं. नंबर परत करायचा असेल, तर आधी शिल्लक मालावरचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला जीएसटी, जो तुम्ही वळता करून घेतला) किती परत करावं लागेल ते कुणाकडून तरी काढून घ्या.

केटरिंग, नाशिक : मोठी फर्म बरी की गल्लीतला एकटा सीए?

तुमची फाइल कुणाच्या टेबलावर राहणार ते विचारा. आर्टिकल मुलं (सीएकडे शिकाऊ म्हणून काम करणारी) परीक्षेच्या रजेवर गेली की ती कोण बघणार, हेही.

लोणची-मसाले, जळगाव : एक जण महिन्याला ५०० रुपये सांगतो, दुसरा २,५००. काम तर एकच ना?

एकच नाही. पाचशेत बहुधा तुम्ही मोबाइलवर पाठवलेले विक्रीचे आकडे रिटर्नमध्ये चढतात, एवढंच. अडीच हजारांत काय काय येतं ते लेखी मागा. खरेदीची बिलं दर महिन्याला जीएसटीआर-२बीशी (विक्रेत्यांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवणार का? बँकेचा ताळमेळ कोण करणार? ताळेबंद आणि आयकर रिटर्न यातच की वेगळं? नोटिशीच्या उत्तराचे किती? आणि त्यांच्या दिरंगाईने विलंब शुल्क लागलं तर ते कुणी भरायचं? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण विचाराच.

यातलं २बीचं काम स्वस्तात देणारे सर्रास गाळतात. बरण्यांच्या व्यापाऱ्याने तुमच्या बिलात ९,००० रुपये जीएसटी लावला, तुम्ही तो दिलाही. पण त्याने ते बिल जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या बिलांच्या रिटर्नमध्ये) दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या नंबरवर टाकलं किंवा किरकोळ विक्रीत दाखवलं, तर ते ९,००० तुमच्या २बीत येत नाहीत आणि तुम्हाला वळते करून घेता येत नाहीत. महिन्याभरात लक्षात आलं तर एका फोनचं काम असतं. आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर उलटला, किंवा त्याआधीच वार्षिक रिटर्न भरून झालं, की त्या क्रेडिटवर पाणी सोडायचं. अशी तीन-चार बिलं निसटली की पाचशेवाला अडीच हजारवाल्यापेक्षा महाग पडतो.

आणि ‘रिफंड वाढवून देतो, त्यातले दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. रिफंडच्या टक्क्यांवर अशी फी घ्यायला सीएंना त्यांच्या आचारसंहितेने मनाई आहे. वाढवलेला रिफंड खोट्या वजावटींतून आला असेल तर तो व्याज-दंडासह तुमच्याकडूनच वसूल होतो. तोवर दहा टक्केवाल्याचा नंबर बंद असतो.

इंजिनिअरिंग जॉबवर्क, भोसरी : जीएसटीचे पैसे दर महिन्याला सल्लागारांच्या खात्यावर पाठवतो, ते ‘भरलं’ म्हणून मेसेज करतात. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. आता एका पार्टीने पेमेंट अडवलंय, म्हणे आमचं बिल त्यांच्या २बीत दिसत नाही. सल्लागार म्हणतात, पोर्टल स्लो आहे.

पोर्टल इतके महिने स्लो नसतं. या सदरात मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं पुन्हा लिहितो : कराचा पैसा सल्लागाराच्या खात्यात जाता कामा नये आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर यायला हवा. सल्लागार सज्जन आहे की नाही, हा मुद्दाच नाही. नोंदणी तुमच्या पॅनवर आहे. कर, व्याज, दंड सगळं तुमच्या नावावर निघतं. ‘मी त्यांना पैसे दिले होते’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

आधी तपासा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये तुमचा नंबर टाकून ‘शो फायलिंग टेबल’ दाबलं, की कुठलं रिटर्न कधी गेलं ते तारखेसह दिसतं. पण तिथे ‘फाइल्ड’ दिसलं म्हणून हुरळू नका. रिटर्न शून्याचं टाकलं तरी तिथे ‘फाइल्ड’च दिसतं. म्हणून लॉगिन करून दर महिन्याच्या ३बीची (कर भरण्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी) पीडीएफ उतरवून घ्या. तक्ता ३.१ मध्ये तुमची विक्री आहे का आणि ६.१ मध्ये रोख भरलेला कर तुम्ही पाठवलेल्या रकमेइतका आहे का, ते बघा. जीएसटीआर-१ मध्ये त्या पार्टीचं बिल शोधा. तेच नसेल तर त्यांच्या २बीत कुठून येणार? कराच्या थकबाकीवर वर्षाला १८ टक्के व्याज चालू असतं, उशिराच्या रिटर्नला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं (त्याला कमाल मर्यादा आहे), आणि सलग दोन महिने ३बी गेलं नाही तर ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) अडतं.

मग पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल बदला. लॉगिन हाती असेल तर ‘नॉन-कोअर’ दुरुस्तीत जाऊन अधिकृत स्वाक्षरीकर्त्यापुढे तुमचा स्वतःचा नंबर टाका. तिथे सल्लागाराचं किंवा त्याच्या माणसाचं नाव असेल तर तेही काढा. सल्लागार लॉगिनच देत नसेल तर भांडत बसू नका. पॅन, आधार, नोंदणीचे कागद घेऊन तुमच्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे अर्ज करा, त्यांना ईमेल-मोबाइल बदलून देण्याची सोय आहे. यापुढे चलन सल्लागाराने तयार करायचं आणि पैसे तुम्ही तुमच्या बँकेतून भरायचे. चलन भरलं म्हणजे रिटर्न गेलं असं नव्हे. पैसे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खतावणीत पडून राहू शकतात. म्हणून रिटर्नची पोच, म्हणजे एआरएन, वेगळी मागा.

हे सगळं इतकं ताणून का सांगतोय? कारण नोटीस पोर्टलवर टाकली की ती तुम्हाला बजावली असं विभाग धरतो. ईमेल सल्लागाराचा असेल तर ती त्याच्या शेकडो ईमेलांत पडते. मग एकतर्फी आदेश निघतो. त्यावर अपिलाची मुदत ३ महिने आणि सबळ कारण दाखवलं तर फार तर आणखी १ महिना. बँकेचं खातं गोठल्यावर मालकाला पहिल्यांदा कळतं, तोवर ही मुदत बहुधा उलटलेली असते. पोर्टलवर नोटिशी एकाच जागी नसतात, हाही एक त्रास. ‘व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस’ अशी दोन्ही पानं उघडून बघा, दर पंधरा दिवसांनी. डिजिटल सहीचं टोकन त्यांच्या ड्रॉवरमध्ये असेल तर तेही आजच आणा. ती तुमची सही आहे.

तुमच्या बाबतीत रक्कम मोठी दिसते. पाठवलेल्या प्रत्येक पैशाचा बँक उतारा आणि ते ‘भरलं’चे मेसेज जपून ठेवा आणि या सल्लागाराशी संबंध नसलेल्या सीएकडे, गरज वाटली तर वकिलाकडे, याच आठवड्यात जा.

प्रा. लि. कंपनी, ठाणे : खाती लिहिणारा आणि ऑडिट करणारा सीए एकच चालेल का?

नाही.

हार्डवेअर, सोलापूर : ग्रुपवर आलंय की ऑडिटची मर्यादा १० कोटी झाली, म्हणजे आता सीए नको.

ग्रुपवर अर्धंच आलं. आयकराच्या ऑडिटला (टॅक्स ऑडिट) विक्रीची मर्यादा १० कोटी तेव्हा, जेव्हा रोखीची जमा एकूण जमेच्या आणि रोखीचा खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत असतो. हार्डवेअरच्या गल्ल्यात ते किती वेळा जमतं, ते तुम्हालाच माहीत. नाहीतर मर्यादा १ कोटीच. अंदाजित नफ्याच्या योजनेत (विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायचा) असाल तर हिशेब आणखी वेगळा, आणि कंपनीला विक्री कितीही असो, कंपनी कायद्याचं ऑडिट आहेच. मेसेज पुढे ढकलण्याआधी बँक उतारा घेऊन कुणाकडे तरी बसा.

ब्युटी पार्लर, नागपूर : उद्यम नोंदणीसाठी एका वेबसाइटने २,५०० रुपये मागितले.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट आहे. देऊ नका.

बेकरी, रत्नागिरी : कर्जासाठी एजंटाने सीएचं प्रमाणपत्र आणून दिलं. सीएला मी कधी पाहिलंही नाही. चालेल?

तुमचे हिशेब न बघता सही झाली, तिथेच उत्तर मिळालं. त्यावरचा १८ अंकाक्षरांचा युडीआयएन (सीएने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) सीए संस्थेच्या पोर्टलवर टाकून बघा. नंबर नसेल किंवा पोर्टलवर दिसणारा तपशील कागदाशी जुळत नसेल, तर ते बँकेत देऊ नका. बँकही तेच तपासते, आणि खोटा कागद दिला म्हणून नाव तुमचं लागतं.

यंत्रमाग, इचलकरंजी : सीए बदलायचेत. जुने म्हणतात, आधी बाकी द्या, मग एनओसी (ना-हरकत पत्र). ऑडिटला मुदतवाढ तर मिळेलच, मग दिवाळीनंतर बदलू का?

मुदतवाढ ‘मिळेलच’ असं कोण म्हणालं? कधी मिळते, कधी नाही, आणि मिळते तीही अगदी तोंडावर. तिच्या भरवशावर राहिलेल्या फायली घाईत होतात आणि घाईत झालेल्या ऑडिटमधल्या चुका पुढे नोटिशीत दिसतात.

महिन्याच्या रिटर्नचं काम हलवायला एनओसी लागत नाही. टॅक्स ऑडिटसाठी नव्या सीएने काम घेण्याआधी जुन्यांना लेखी कळवायचं असतं. तिथे परवानगी मागायची नसते. मात्र जुन्या ऑडिटची वाद नसलेली फी थकली असेल तर नवे सीए काम घेणार नाहीत, आणि ते बरोबर आहे. ती देऊन टाका. वाद असेल तर कशावर आहे ते लेखी कळवा. (कंपनीचा ऑडिटर असा मध्येच बदलता येत नाही, त्याची प्रक्रिया वेगळी आहे.)

या वर्षीचं ऑडिट अर्ध्यावर असेल तर ते जुन्यांकडूनच पुरं करून घ्यावं आणि एप्रिलपासून नव्यांकडे जावं का, हे दोघांशी बोलून ठरवा. कधीही हललात तरी टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा, तो उघडायचा व्हॉल्ट पासवर्ड, मागच्या वर्षांचे ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, रिटर्नच्या पोचा आणि आलेल्या नोटिशी यांची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. टॅलीचा बॅकअप त्यांच्या ऑफिसातून निघण्याआधी दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. पेन ड्राइव्हमध्ये नुसता रिकामा फोल्डर आल्याचं घरी पोचल्यावर कळतं.