रामटेकची नृसिंह मंदिरे जतनासाठी बंद ठेवावीत का?

नाही, रामटेक गडावरील केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही वाकाटककालीन मंदिरे भाविकांसाठी खुलीच राहावीत. मात्र तेल, शेंदूर, धूर आणि रंग यांना तिथे सक्त मनाई हवी. पाचव्या शतकातील या वास्तू वालुकाश्मातल्या आहेत, आणि हा सच्छिद्र दगड तेल शोषतो, त्यावर काजळी बसते, वरून ऑइलपेंट दिला की आतला ओलावा कोंडून पापुद्रे सुटतात. केवल नृसिंहाच्या भिंतीवरील शिलालेख गिलावा काढल्यावरच उजेडात आला, म्हणजे डागडुजी म्हणून चढवलेला थरही इतिहास झाकू शकतो. अशा अक्षरांपुढे, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, कठडा हवाच. अपवाद त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमीच्या गर्दीचा: त्या दिवशी गाभाऱ्यात एका वेळी मोजक्याच लोकांना सोडून बाकीच्यांना बाहेरून दर्शन द्यावे.